केरोसीन बॉयलरची सर्व्हिस घरीच केली: धूर, काजळी आणि एका हिवाळ्याचा वापर

आयर्लंडमध्ये डोनेगल भागात गॅसची पाइपलाइन नाही. घर तापवायचं तर परसात तेलाची टाकी, शेडमध्ये बॉयलर आणि टाकीत केरोसीन, म्हणजे आपलं रॉकेलच. लिटरमागे साधारण १० किलोवॉट-तास उष्णता मिळते. आमचा बॉयलर २० किलोवॉटच्या आसपासचा, कंडेन्सिंग जातीचा, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा. घराबरोबरच तो आमच्याकडे आला. ऑक्टोबरमध्ये त्याची सर्व्हिस मी स्वतः केली आणि आता एप्रिल संपत आलाय, म्हणून हे लिहितोय.

बॉयलरबद्दल थोडक्यात: तासाभरात घर ऊबदार होतं, रेडिएटर तक्रार करत नाहीत, पहाटे सुरू होताना शेडमधून घरघर ऐकू येते. ती सवयीची होते. खरं सांगायचंय ते सर्व्हिसनंतरच्या धुराबद्दल.

मेन स्विच बंद करून, बॉयलर गार झाल्यावर दार उघडलं. बॅफल म्हणजे आतले धातूचे पडदे. ते कोणत्या क्रमाने बसलेत याचे फोटो काढले, मग काजळी खरवडून व्हॅक्युमने ओढून घेतली. फिल्टर धुतला, तेलाची लवचिक नळी बदलली, ज्योत पेटली की नाही ते बघणारा फोटोसेल पुसला. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडमधलं अंतर बर्नरच्या पुस्तिकेप्रमाणे तपासलं. आणि नवं नॉझल, म्हणजे तेलाचा फवारा सोडणारी तोटी, लावलं, जुन्यावर होते तेच आकडे बघून: ०.६०, ८० अंश. पहिला आकडा ७ बार दाबाला ताशी किती अमेरिकन गॅलन तेल जातं तो, दुसरा फवाऱ्याचा कोन. ०.६० म्हणजे तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास.

एक गोष्ट ठासून सांगतो. पंपाच्या स्टोव्हला निपल तुंबला की आपण पिन मारायचो, तो हात इथे आवरायचा. नॉझलच्या भोकात पिन, तार काहीही घालायचं नाही, टोकाला बोटसुद्धा लावायचं नाही. ते भोक इतकं बारीक असतं की एक ओरखडा पडला तरी फवारा एका बाजूला जातो आणि ज्योत भिंत चाटू लागते.

सुरू केल्यावर बंद होताना आणि सुरू होताना काळा भपका, शिवाय मधल्या वेळातही धुरांड्याच्या तोंडाशी पिंगट धूर. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर बारीक काळे ठिपके पडले, तेव्हा घरातून तातडीची मागणी आली. थंडीत कंडेन्सिंग बॉयलरमधून पांढरी वाफ येते, ती वाफच असते, विरून जाते. पांढराच पण तेलाचा उग्र वास असलेला धूर म्हणजे तेल न जळताच बाहेर पडतंय. काळा म्हणजे तेलाच्या मानाने हवा कमी.

बंद होतानाच्या भपक्याचं कारण लवकर सापडलं. नळी बदलताना तेलाच्या वाटेत हवा शिरते आणि पंप थांबला तरी दबलेले बुडबुडे नॉझलमधून तेल ढकलत राहतात. पंपाच्या ब्लीड स्क्रूमधून हवा नीट काढली आणि तो प्रकार थांबला. सतत येणारा धूर मात्र तसाच. दाराची सील बघितली, बॅफलचा क्रम फोटोशी ताडून पाहिला. शेडचं दार सताड उघडं ठेवून बर्नर चालवला. तेवढ्याने धूर कमी झाला असता तर खोलीत हवा येण्याची वाट तुंबली आहे असं समजायचं. फरक पडला नाही.

इथे थांबलो. हवेचा स्क्रू समोरच असतो आणि हात शिवशिवतात, पण तो नजरेने फिरवायचा नाही. ज्योत छान पिवळी दिसली म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो, रंगही नसतो. घरात ईएन ५०२९१ मानकाचा अलार्म आधीपासून आहे, तरीही.

ऑफ्टेक या तेल-बॉयलर तंत्रज्ञांच्या संस्थेची नोंदणी असलेले एक वयस्क तंत्रज्ञ आले. आधी धुराचा पंप. धुरांड्यातून वायू ओढून पांढऱ्या कागदावर ठिपका उमटवायचा आणि करड्या छटांच्या बाकराक पट्टीशी जुळवायचा, ० ते ९. केरोसीनला ० किंवा १ हवा, आमचा ४ च्या जवळ होता. ॲनालायझरवर, म्हणजे धुरातले वायू मोजणाऱ्या यंत्रावर, कार्बन डायऑक्साईड जवळपास १४ टक्के. मग पंपाला दाबमापक लावला, दाब योग्य निघाला. ते हसून म्हणाले, “नॉझल नवं, हवा जुन्या नॉझलची.” आधीचं नॉझल हळूहळू तुंबत गेलं होतं, तेल कमी जात होतं आणि मागे कुणीतरी हवा त्या कमी तेलाच्या बेताने आवळली होती. नवं नॉझल पूर्ण तेल सोडू लागलं आणि हवा अपुरी पडली. डॅम्पर म्हणजे हवेची झडप थोडी उघडली, कार्बन डायऑक्साईडचा आकडा १२ च्या खाली उतरला, कार्बन मोनॉक्साईड नगण्य झाला, कागद पांढरा. दाबाचंही त्यांनी समजावलं: ७ वरून ९ बार केला तर तेल सुमारे १३ टक्के वाढतं, म्हणून दाब बदलला की हवा पुन्हा मोजायची.

जानेवारीत दार उघडून पाहिलं तेव्हा आत राखाडी भुकटीचा पातळ थर, काजळीचा चिकट पापुद्रा कुठेच नाही. लॉकआउट, म्हणजे ज्योत न पेटल्याने बर्नर आपोआप बंद पडणं, एकदाही नाही. तसं झालंच तर रीसेटचं बटण पुन्हापुन्हा दाबू नका. न जळलेलं तेल आत साठतं आणि पुढच्या ठिणगीला एकदम पेटतं.

पैसे वाचले का? फारसे नाहीत. सुटे भाग आणि तंत्रज्ञाची फी धरली तर पूर्ण सर्व्हिसच्या खर्चाच्या जवळच गेलो. यंदा काजळी मी काढणार, पण नॉझल ते येतील त्याच दिवशी त्यांच्याच हातून बदलून लगेच मोजून घेणार. नॉझलवरचे आकडे आणि ॲनालायझरची छापील पट्टी बॉयलरच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवली आहे. पट्टीवरची शाई उडते, म्हणून फोनमध्ये फोटोही काढून ठेवा.