कॉफीच्या रसिकांसाठी स्वादचक्र: एक परीक्षण

कॉफीचा घोट घेतल्यावर ‘छान’, ‘कडक’ किंवा ‘कडू’ यांपलीकडे काही सांगता येत नसेल, तर ‘कॉफी टेस्टर्स फ्लेवर व्हील’ हा कॉफीतील स्वादांची नावे चक्राकार मांडणारा रंगीत तक्ता जवळ असावा, असे माझे ठाम मत आहे. 1995 मध्ये निघालेल्या मूळ चक्राची 2016 मध्ये संपूर्ण फेरमांडणी झाली आणि तिला ‘वर्ल्ड कॉफी रिसर्च’ या कॉफी-संशोधन संस्थेने तयार करवून घेतलेल्या स्वादांच्या शब्दकोशाचा आधार मिळाला.

चक्राच्या मध्यभागी फुलांचा, फळांचा, भाजणीचा, मसाल्यांचा असे नऊ ढोबळ गट आहेत. वाचन तेथून सुरू करून बाहेर जायचे: आधी फळाची आठवण होते का, मग ते आंबट जातीचे की बेरीच्या जातीचे, आणि शेवटी नेमके कोणते. घाईने कडेच्या शब्दावर उडी मारणाऱ्याला चक्राचा उपयोग होत नाही. शेजारच्या दोन कप्प्यांमधील फट जितकी रुंद, तितके ते स्वाद एकमेकांपासून दूर. ही बारकाईची सोय अनेकांच्या लक्षातच येत नाही. आवडले की नाही हे विचारण्याआधी काय जाणवले ते विचारायला हे चक्र शिकवते, आणि माझ्या दृष्टीने त्याचे खरे मोल यातच आहे.

मात्र ‘इतर’ या गटाची मांडणी मला मुळीच पटत नाही. कडूपणा ही कॉफीची मूलभूत चव. तिला रबर आणि पेट्रोलियमच्या पंक्तीत, रासायनिक स्वादांच्या उपगटात बसवल्यामुळे नवख्याला प्रत्येक कडूपणा दोषच वाटू लागतो. शिवाय घोटाचा दाटपणा, तोंडात जाणवणारा गुळगुळीतपणा किंवा कोरडेपणा यांसाठी येथे जागाच नाही, त्यामुळे ते शब्द ज्याचे त्यानेच जमवावे लागतात.

नुसता तक्ता भिंतीवर लावून जीभ तयार होत नाही. सोबतचा शब्दकोश विनामूल्य मिळतो. त्यात प्रत्येक स्वादासाठी प्रत्यक्ष हुंगण्याचा किंवा चाखण्याचा नमुना आणि 0 ते 15 या पट्टीवर त्याची तीव्रता दिलेली आहे. यांतील बरेच नमुने अमेरिकी बाजारातील विशिष्ट उत्पादने आहेत, ही मोठीच अडचण आहे. तरीही मिळतील तेवढे नमुने आणून, कॉफी थोडी निवल्यावर त्यांच्याशी ताडून पाहावी. कारण निवताना कडक उष्णतेआड दडलेली आम्लता आणि गोडवा अधिक स्पष्ट होतात.