हैतीच्या भूकंपात दुरावलेल्या कुटुंबांसाठी चर्चचा इमिग्रेशन कक्ष : एक परीक्षण

अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडातील एका कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, हैतीच्या स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या साहाय्य कक्षात २०१५ साली माझे जाणे-येणे होते. शेजारी राहणाऱ्या एका हैतीयन बाईंना सोबत हवी होती. त्या स्वतः ग्रीन कार्डधारक होत्या. त्यांची अविवाहित, सज्ञान मुलगी मात्र हैतीची राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये अडकली होती. मुलीला अमेरिकेत बोलावण्यासाठीची याचिका त्यांनी भूकंपाच्या आधीच दाखल केली होती आणि ती मंजूरही झाली होती, तरी व्हिसाचा क्रमांक लागत नव्हता.

या कक्षाची सेवा समजून घ्यायची तर चर्चने सरकारदरबारी काय मागितले होते, हे आधी पाहावे लागते. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेच्या भूकंपाने हैतीची राजधानी उद्ध्वस्त केली. तिथले कॅथेड्रल कोसळले आणि आर्चबिशप जोसेफ सेर्ज मियो हेही त्या आपत्तीत मृत्युमुखी पडले. तीनच दिवसांनी अमेरिकेने आपल्या भूमीवर आधीपासून असलेल्या हैतीयनांना टीपीएस, म्हणजे तात्पुरते संरक्षण, जाहीर केले. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेचा त्यासाठी आग्रह होताच, परंतु टीपीएसमुळे माणूस अमेरिकेत टिकतो, त्याच्या आधारे कुटुंबाला बोलावता येत नाही. म्हणून ज्यांच्या कौटुंबिक याचिका मंजूर झालेल्या आहेत, त्यांना व्हिसाच्या रांगेत ढिगाऱ्यांमध्ये दिवस काढायला न लावता मानवतावादी पॅरोलवर, म्हणजे व्हिसा मिळण्याआधीच तात्पुरत्या प्रवेशाच्या परवानगीवर, येऊ द्यावे, अशी मागणी चर्चने लावून धरली. क्यूबाच्या कुटुंबांसाठी अशी योजना २००७ पासून सुरू होती. मायामीचे आर्चबिशप थॉमस वेन्स्की यांनी हैतीयन समाजात अनेक वर्षे काम केले आहे आणि ते हैतीयनांची क्रिओल भाषा बोलतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला या प्रश्नात वेगळे वजन होते.

ही मागणी मला अगदी माफक वाटते. सरकारने ज्यांचे नाते तपासून मान्य केले होते, त्यांच्यापुरतीच ती मर्यादित होती. कौटुंबिक गटांना दरवर्षी ठरावीक संख्येनेच व्हिसा मिळतात आणि भावंडांच्या गटात दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. भूकंपाने त्या रांगेत काहीही फरक पडला नव्हता. तरीही हैतीयनांसाठी अशी पॅरोल योजना जाहीर व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडला, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून निमंत्रणे जाऊ लागली. जी निकड पहिल्या महिन्यात होती, तिला उत्तर मिळायला चार वर्षांहून अधिक काळ लागला, याचे दुःख मला आजही आहे.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. योजनेत कोणालाही आपणहून अर्ज करता येत नसे. नॅशनल व्हिसा सेंटर या सरकारी व्हिसा कार्यालयाचे पत्र यावे लागे, आणि साधारण १८ ते ३० महिन्यांत ज्यांचा व्हिसाक्रम येण्याची शक्यता असे, त्यांनाच ते मिळे. आमच्या बाईंना पत्र आले तेव्हा त्यांना वाटले की मुलीला प्रवेश मिळालाच. कक्षातील प्रतिनिधी वकील नव्हत्या, पण स्थलांतरितांची बाजू मांडण्याची सरकारी मान्यता त्यांच्याकडे होती. त्यांनी क्रिओलमध्ये, घाई न करता, समजावले की हे केवळ अर्ज करण्याचे निमंत्रण आहे, निर्णय अजून व्हायचा आहे आणि प्रत्येक व्यक्तीमागे ३६० डॉलर शुल्क भरावे लागेल. नंतर त्यांनी जन्मदाखला आणि याचिकेची प्रत शेजारी-शेजारी ठेवून एकेका अक्षरावर बोट फिरवले. आईच्या नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे निराळे निघाले. हैतीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून दाखल्याचा अधिकृत उतारा मागवल्याखेरीज अर्ज पाठवायचा नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पैसे घेऊन वाटेल ते फॉर्म भरून देणारे बिनपरवान्याचे सल्लागार अशी खोट पाहतही नाहीत, आणि ती पुढे मुलाखतीच्या वेळी उघडी पडते.

कक्षाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. संध्याकाळी थोडाच वेळ कक्ष उघडत असल्याने दिवसभर काम करून येणाऱ्यांना बराच वेळ ताटकळावे लागे. फोन बहुधा उचलला जात नसे. एकदा आम्हाला पाठवलेल्या कागदांच्या यादीत जुन्या फॉर्मचा उल्लेख राहून गेला होता. विचारल्यावर लगेच दुरुस्त करून दिला, परंतु जो विचारणार नाही त्याचे काय, हा प्रश्न राहतोच. क्रिओल जाणणारी माणसे आणखी असती तर या तक्रारी बहुतेक उरल्याच नसत्या.

तरीही मी या कक्षाची शिफारस मनापासून करतो. बिशपांनी वॉशिंग्टनमध्ये केलेला आग्रह अक्षरे जुळवणाऱ्या त्या टेबलापर्यंत पोहोचलेला मला दिसला, आणि टेबलावर कळलेल्या अडचणी वरपर्यंत जात असल्याचेही तिथल्या लोकांच्या बोलण्यातून जाणवत होते. बिशपांनीच १९८८ मध्ये स्थापन केलेले कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क देशभरातील अशा कक्षांना प्रशिक्षण देते, त्याचा उपयोग कामाच्या शिस्तीत दिसतो.

अशा कक्षात जाणाऱ्याने याचिका मंजुरीची सूचना, दोन्हीकडचे जन्मदाखले आणि पत्ता बदलला असल्यास त्याचा पुरावा पहिल्याच भेटीत न्यावा. निमंत्रणाचे पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिल्याची तक्रार मी तिथे एकाहून अधिक कुटुंबांकडून ऐकली.