अस्तु, द फादर की थ्री ऑफ अस? घरात कुणी विसरू लागलं असेल तर

आमचे सासरे एकाच सकाळी दूधवाल्याला दोनदा पैसे देऊन आले, तेव्हा आम्ही हसलो होतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं आणि विषय संपवला. सहा-सात महिन्यांनी डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द उच्चारला. मग घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने वाचायला लागला, काही ना काही बघायला लागला. आता ओळखीत कुणाकडे असं काही सुरू झालं की मला हमखास विचारलं जातं, ‘यावरचे सिनेमे आहेत ना, त्यातला कुठला बघू?’ माझं उत्तर विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं. मुलगी आहे, सून आहे, की ज्याला विसरायला होतंय तो स्वतः?

तीन सिनेमे मी पुनःपुन्हा सुचवते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’, फ्लोरियान झेलरचा ‘द फादर’ आणि अविनाश अरुणचा ‘थ्री ऑफ अस’. आजार साधारण एकच, पण कॅमेरा उभा राहतो त्या जागा तीन.

‘द फादर’ (२०२०) सरळ म्हाताऱ्याच्या डोक्यात जाऊन बसतो. लंडनमधला एक फ्लॅट, त्यात अँथनी नावाचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी. स्वयंपाकघर मघाशी होतं तसं आत्ता नाही. भिंतीवरचं चित्र दिसेनासं झालंय. मुलगी म्हणून दारातून आत येणारी बाई भलतीच कुणीतरी आहे, आणि जावई म्हणून समोर बसलेला माणूस आपण आधी पाहिलाच नव्हता. सुरुवातीची वीस मिनिटं मला वाटत होतं, माझंच काहीतरी बघायचं राहून गेलंय. मग लक्षात आलं, हा गोंधळ मुद्दाम माझ्या वाट्याला दिलाय. झेलरने हे आधी नाटक म्हणून फ्रेंचमध्ये लिहिलं होतं. नाटकाची ती बंद खोली त्याने सिनेमातही ठेवली, हे फार बरं केलं. अँथनी हॉपकिन्सना या कामासाठी ऑस्कर मिळालं तेव्हा ते ८३ वर्षांचे होते.

त्यातली घड्याळाची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक घरातली आहे. घड्याळ स्वतःच लपवून ठेवायचं आणि चोरीचा आळ सांभाळायला ठेवलेल्या बाईवर घ्यायचा. आमच्याकडे घड्याळाऐवजी कपाटाच्या किल्ल्या होत्या, आणि आळ माझ्यावर. त्या दिवसांत मी जेवढी रडले, तेवढी हा सिनेमा आधी पाहिला असता तर रडले नसते. समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये, त्याच्यापुरती ती चोरी खरंच झालेली आहे, हे कुठल्याही पत्रकापेक्षा त्या दीड तासाने मला जास्त कळलं. ज्या सुनेची किंवा मुलीची चिडचिड होतेय, तिने हाच आधी बघावा. एकटीने. ज्याच्या आजाराचं निदान नुकतंच झालंय, त्याला शेजारी बसवून तर अजिबात नको. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला असं पडद्यावर दाखवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

‘अस्तु’ उलट्या बाजूने येतो. चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे पंडित. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून खरेदीला उतरते. रस्त्याने हत्ती जातो आणि हे लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. पुढचा बहुतेक सिनेमा म्हणजे इराची शोधाशोध, पोलीस, जुन्या आठवणी, आणि तिकडे हत्तीवाल्याच्या पालावर शास्त्रींचा चाललेला दिवस. मोहन आगाशे शास्त्री झालेत. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असल्यामुळे असेल, पण या वेडेपणात नाटकीपणा कुठेच नाही. श्लोक अजून तोंडात आहेत, समोरच्या मुलीचं नाव नाही. आजार असाच चालतो, आधी कालचं जातं आणि लहानपणी पाठ केलेलं सर्वांत शेवटी.

खरी ताकद मात्र चन्नम्मात आहे. हत्तीवाल्याची बायको, बोली कानडी वळणाची, घरात दोन वेळची भ्रांत. ती या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळते आणि तो तिला आई समजू लागतो. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भावेंना संवादांसाठी. पंडितांची शिकलेली मुलगी वडील पूर्वी कसे होते ते विसरू शकत नाही. चन्नम्माला पूर्वीचे शास्त्री ठाऊकच नाहीत. समोर आहे त्याला ती भरवते. इराला जे जड जातं ते हिला सोपं का जातं, या एका प्रश्नासाठी मी ‘अस्तु’ तीनदा पाहिला. थोडी तक्रारही आहे. मागच्या आठवणींचे काही प्रसंग लांबतात, आणि माणसं मधूनच लेखी बोलतात. २०१३चा हा सिनेमा थिएटरात यायला २०१६ उजाडलं, तेही लोकांनी पैसे उभे केले म्हणून. मराठी घरासाठी तो इतर दोघांपेक्षा उपयोगाचा आहे, कारण सांभाळायचं कुणी, नोकरी कुणी सोडायची, बाहेरचा माणूस ठेवला तर लोक काय म्हणतील, या गोष्टी त्यात कुणी डोळे न वटारता बोलतं.

‘थ्री ऑफ अस’ (२०२३) हिंदी आहे, पण मातीने कोकणी. मुंबईत कोर्टात नोकरी करणारी शैलजा, आजाराची नुकती सुरुवात. सगळं पुसलं जायच्या आधी ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते. बालपणीचा काही काळ तिथे गेलाय, आणि शाळेत आवडलेला प्रदीप अजून तिथेच आहे. शेफाली शाह, जयदीप अहलावत आणि नवऱ्याच्या भूमिकेत स्वानंद किरकिरे. कुणी हंबरडा फोडत नाही. दवाखाना जवळजवळ नाहीच. नवरा बिचारा एका बाकावर बसून बायकोचं जुनं आयुष्य बघतो आणि त्याला कळत नाही की हेवा वाटून घ्यावा की नाही. आजाराबद्दल माहिती हवी असेल तर हा बघू नका, फारशी मिळणार नाही. संथ आहे, जेवण झाल्यावर लावलात तर डुलकी लागेल. पण ज्याला विसरायला होतंय त्याच्याबरोबर बसून बघता येईल असा तिघांत हा एकच. आम्ही सासऱ्यांबरोबर पाहिला. कथा त्यांना किती कळली देव जाणे. चिऱ्याच्या घराचं अंगण आलं तेव्हा मात्र ते म्हणाले, ‘इथे शेण सारवायला हवं होतं,’ आणि मग पाऊण तास त्यांच्या आजोळच्या अंगणाबद्दल बोलत राहिले. गेल्या कित्येक महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते.

तेव्हा असं करा. तुमच्या हातून चिडचिड होत असेल तर आधी ‘द फादर’. बाबांच्या किंवा आईच्या शेजारी बसायचं असेल तर ‘थ्री ऑफ अस’. आणि आई-बाबांना कुणाकडे ठेवायचं यावरून भावंडांत धुसफूस सुरू असेल तर ‘अस्तु’, पण सगळ्यांनी एका खोलीत बसून. दोन तासांचा आहे, त्यामुळे चहा आधीच करून ठेवा. पुण्यातल्या भावाने पुण्यात आणि अमेरिकेतल्या बहिणीने तिकडे पाहिला तर फोनवर नुसतं ‘छान होता’ एवढंच होतं. आमच्याकडे पहिल्यांदा तेच झालं.