सद्भावना फेरीसाठी मिरजेची एकतारी: कशी निवडायची, सोबत काय घ्यायचं

कोल्हापुरात सद्भावना फेरी काढायची ठरली की पहिली चर्चा गाडीवरच्या स्पीकरची होते. आमचं मत उलटं आहे. फेरीतला माणूस शेजाऱ्याचा आवाज ऐकत गायला, तरच घोळका शांत राहतो. मोठ्या आवाजामागे चालणारी माणसं गात नाहीत. ती नुसती चालतात आणि मग कुणीतरी घोषणा सुरू करतं. म्हणून मंडळाकडे थोडे पैसे असतील तर ते एकतारी, टाळ आणि डफ यांवर घालावेत, आणि एकतारी मिरजेहून आणावी.

मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर. सतारमेकर गल्लीत दुकानं आणि कारखाने लागून आहेत. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, एकतारीला नाही. पण भोपळा निवडणारे आणि तार लावणारे हात तेच. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली. आज त्या मुसलमान कारागिरांनी घडवलेल्या वीणा वारकऱ्यांच्या गळ्यात असतात. फेरीच्या सुरुवातीला दोन शब्द बोलायचे असतील तर हे जरूर सांगावं.

एकतारी घेताना भोपळ्याला तबली, म्हणजे त्याच्या तोंडावरचं झाकण, कसली आहे ते आधी पाहा. कातड्याची स्वस्त पडते आणि आवाजाला गोडही असते, पण कोल्हापूरच्या पावसात कातडं दमट होऊन सैलावतं, घोडी, म्हणजे तारेखालचा टेकू, खाली बसते आणि सूर उतरतो. जून ते सप्टेंबरमध्ये वापर होणार असेल तर लाकडी तबलीचीच घ्या. भोपळा बोटाच्या पेराने सगळीकडून वाजवून पाहा. एखाद्या जागी आवाज फुटका किंवा बसका आला तर तिथे चीर असते किंवा साल पातळ झालेली असते. दांडी भोपळ्यात शिरते ती जागा अंगठ्याने दाबून बघा, कारण चालताना सगळा झोल तिथेच बसतो. खुंटी तार चढवल्यावर मागे सरकत असेल तर खडूची पूड लावून घ्या. तरीही सरकली तर ती भोकात नीट बसवलेली नाही. वाद्य परत करा. नक्षीचे पैसे देऊ नका, रस्त्यावर तिचा उपयोग नाही.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, दुकानातच ठरवून तार लावून घ्यावी. बायका-पुरुष एकत्र गाणार असतील तर पेटीची (हार्मोनियमची) काळी एक किंवा पांढरी दोन सोयीची. सराईत भजनी मंडळं याच्या बरीच वर गातात, पण त्यांच्या पट्टीत रस्त्यावरची मंडळी थोड्याच वेळात ओरडायला लागतात आणि मग गप्प होतात. आखूड एकतारीवर खालचा षड्ज (सा) धरायचा असेल तर जाड तार मागा. पातळ तार तिथे सैल राहते. प्रत्येक छेडीला सूर आधी चढतो, मग उतरतो आणि गाणारा गोंधळतो. त्यापेक्षा पातळ तारेवर वरचा षड्ज लावलेला बरा. घोडीपाशी मणी असेल तर बारीक फरक चालता चालता जुळवता येतो.

उणीवही सांगितली पाहिजे. रहदारीत ही एकतारी दहा-बारा फुटांपलीकडे ऐकू जात नाही. ती लोकांसाठी नसून सांगत्यांसाठी आहे, म्हणजे जे ओळ सांगतात त्यांची पट्टी ढळू नये म्हणून. मोबाइलवरची श्रुतीपेटी, म्हणजे सतत सूर देणारं ॲप, रस्त्यावर तेवढीही टिकत नाही. पन्नास माणसांमागे दोन एकतारी पुरतात, मात्र दोन्ही एकाच पेटीवर जुळवून घ्याव्यात. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवत नाहीत, एकाने उतरवली की दुसरा नमस्कार करून गळ्यात घेतो. ही रीत फेरीत जशीच्या तशी घ्यावी आणि चौकाचौकाला एकतारी धरणारा बदलावा: कधी मोहल्ल्यातला तरुण, कधी बचत गटातली बाई. कुणी कुरकुरलंच तर शाहू महाराजांच्या दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेब होते आणि त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायले, एवढं या गावाला सांगितलं की पुरतं.

टाळ घेताना पितळी आणि काशाच्या जोडीतला फरक कानाने ओळखता येतो. काठावर काठ हलकेच मारा. काशाची नाद लांब धरते, पितळीचा नाद चटकन मरतो. नादात खरखर आली तर बारीक तडा समजा. भोकाच्या कडेला दोरी झिजून तुटते, म्हणून कड घासून गुळगुळीत करून घ्या आणि जादा दोरी सोबत ठेवा. दहा-बारा माणसांमागे एकच जोडी ठेवावी. त्याहून जास्त झाल्या की शब्द बुडतात, आणि इथे शब्दच महत्त्वाचे.

डफ शाहिरी बाजाच्या गाण्यांना लागतोच. कातडी डफ उन्हात चढतो, पावसात बसतो. पावसाळ्यात फायबरचं पान आणि नट-बोल्टची कडी असलेला घ्यावा, आवाज थोडा कोरडा असला तरी. हलगी-घुमकं-कैताळ ही वाद्यं कोल्हापूरचा जीव आहेत, पण ती वाजली की पाय पळायला लागतात आणि अंगात कुस्तीचं मैदान शिरतं. शांततेच्या फेरीत ती चालताना नको. मिनिटाला साठ-सत्तर पावलं पडतील असा भजनी ठेका पुरे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लांबीमुळे. चारचारच्या रांगेत दोनशे माणसं म्हणजे साधारण साठ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे पुढच्या टाळाचा ठोका शेवटच्या रांगेला सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. आठ मात्रांच्या ठेक्यात एवढा फरक लगेच जाणवतो. मागचे मागे पडतात, पुढचे ताणतात आणि दोन गाणी एकदम चालू झाल्यासारखं होतं. उपाय सोपा आहे. सांगते पुढे न ठेवता मधोमध ठेवा, आणि प्रत्येक टाळकऱ्याने कानाने नव्हे तर मधल्या सांगत्याच्या उंचावलेल्या हाताकडे पाहून ठोका द्यावा. गाणी दोन-तीनच घ्या, ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, चार-पाच शब्दांचं असू द्या.

बाजूने कुणी डिवचलं तर आवाज चढवायचा नाही. टाळ थांबवायचे, ध्रुपद खालच्या सुरात घोळवत राहायचं. आवाज चढला की श्वास आखूड होतो आणि गाण्याची घोषणा व्हायला वेळ लागत नाही. ७ जून २०२३ ला या शहराने दगडफेक पाहिली आहे, त्यामुळे याची तालीम गाण्याइतकीच करावी. गोविंद पानसरे यांच्या हत्येनंतर इथे निर्भय मॉर्निंग वॉक सुरू झाला, तेव्हा शांतपणे चालून बोलायची रीत शहराला नवी नाही.

भाड्याचा चाकांचा बॅटरी स्पीकर फक्त बिंदू चौकात, संविधानाची उद्देशिका वाचण्यापुरता आणावा. तो डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि माइक त्याच्या मागे, म्हणजे शिट्टी येणार नाही. माइकचे सेल नवे घाला. डॉल्बीचा विचारही नको. स्पीकरसाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर साधी वाद्यंही चालत नाहीत. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं आणि तिथे डफ वाजवणंही नियमात बसत नाही. दसरा चौकाजवळ सीपीआर रुग्णालय आहे, तेव्हा त्या टप्प्यात टाळ पिशवीत जाऊ द्या आणि तोंडाने गुणगुणणंही बंद ठेवा.

फेरी झाली की तार थोडी उतरवावी आणि एकतारी भिंतीला टांगून ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर डिंकाचे जोड सुटतात. वर्षातून एखादीच फेरी होत असेल तर विकत घेऊ नका. पेठेतल्या भजनी मंडळाकडून एकतारी आणि टाळ मागून आणा, आणि त्यांच्यातले दोन टाळकरीही बोलवा.