मांजरीला इट्राकोनाझोल: सात-आठ महिन्यांनंतर

इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध काम करतं. पण मांजरीला गोळी देण्याची सवय नसेल तर ते तुमचा अंत बघतं, हे आधीच सांगते.

आमच्या चिंगीला क्रिप्टोकॉकस या बुरशीचा संसर्ग निघाला. आधी एकाच नाकपुडीतून शेंबूड, सतत शिंका, मग नाकाच्या हाडावर गाठ. अँटिबायोटिकचा काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून नमुना घेतला तेव्हा मायक्रोस्कोपखाली बुरशी दिसली, प्रत्येक पेशीभोवती जाड कवच. ही बुरशी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढते आणि श्वासावाटे आत जाते. आता मुंबईत डक्टमध्ये कबुतरं नसलेली बिल्डिंग दाखवा! मांजरीकडून माणसाला मात्र हा आजार लागत नाही. तो गजकर्णासारखा नाही, हे सासूबाईंना पटायला वेळ लागला.

फ्लुकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाचाही पर्याय होता. ते रिकाम्या पोटीही चांगलं शोषलं जातं आणि मेंदूत, डोळ्यांत पोचतं. चिंगीचा आजार नाकापुरताच होता, म्हणून डॉक्टरांनी इट्राकोनाझोल निवडलं. दिवसातून एकदाच द्यायचं, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय. डोस किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 100 च्या कॅप्सूलमधले अर्धे दाणे. तिच्या जेवणात, तेही वासाच्या बांगड्यात मिसळून. हे उपाशीपोटी दिलं तर नीट शोषलं जात नाही आणि पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सोबत दिल्या तरी तेच. दाणे चावले की तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण बांगडा जिंकायचा.

इथे एक गोष्ट नीट वाचा. मेडिकलवाला एकदा "तेच आहे ताई" म्हणत 65 ची कॅप्सूल देत होता. ते वेगळ्या पद्धतीने बनवलेलं असतं: जास्त शोषलं जातं आणि 65 मिलिग्रॅम साध्या 100 च्या जवळपास धरतात. त्यामुळे नुसते आकडे बघून अदलाबदल करायची नाही. कच्च्या पावडरीपासून बनवून दिलेल्या सिरपवरही माझा भरवसा नाही, त्यातलं औषध रक्तात किती उतरेल सांगता येत नाही.

मधे तिने जेवण सोडलं. रक्तात एएलटी, म्हणजे यकृताचं एन्झाइम, वाढलं होतं. डॉक्टरांनी औषध थांबवलं, भूक परतल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून दर महिन्याला रक्ततपासणी. खरं सांगू, कॅप्सूलपेक्षा तपासण्यांनीच खिसा रिकामा केला.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे नाक दोनेक महिन्यांत सरळ झालं, शिंका थांबल्या आणि घरचे सगळे म्हणाले, आता पुरे. पण रक्तातली अँटिजेन टेस्ट, म्हणजे बुरशीचे अंश शोधणारी तपासणी, अजून पॉझिटिव्ह होती. एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये हा आजार शोधायला वापरतात तीच टेस्ट. तिचा टायटर, म्हणजे त्या अंशांच्या प्रमाणाचा आकडा, हळूहळू उतरत गेला, निगेटिव्ह येईपर्यंत औषध चालू ठेवलं. आता बंद आहे. परतण्याची भीती असल्याने पुढेही मधूनमधून टेस्ट करायची आहे.

पाचपैकी चार. एक गुण यकृतासाठी कापला. तुमचं मांजर आधीच कमी खात असेल तर सुरू करण्याआधी भुकेबद्दल डॉक्टरांशी बोला, कारण जेवणाशिवाय या कॅप्सूलचा पूर्ण फायदा मिळत नाही.