‘पीक सडलं’ म्हणाले, पण पीक होतंच कुठे?

उत्तराखंडच्या डोंगरात तुमच्या नावाने हेम्पची, म्हणजे भांगेची शेती करतो, पेरणीपासून विक्रीपर्यंत सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे लावा, असं सांगत कोणी तुमच्याकडे आलं असेल तर एक पैसाही देण्याआधी हे वाचा. ग्वाल्हेरमधल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांतून या नावाखाली पैसे गेले. त्यात आमचंही घर आहे.

तो माणूस आमच्यापर्यंत आला गणेशोत्सवात. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मराठी घरं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, त्यामुळे मंडळात कोणी नवीन मराठी चेहरा दिसला की सगळ्यांना आनंदच होतो. हा आरतीला उभा राहायचा, वर्गणी मोकळ्या हाताने द्यायचा, वयस्कर माणसांच्या पाया पडायचा. मूळचे आम्ही इंदूरचे, सध्या डेहराडूनला असतो, असं सांगायचा. आमचे भाऊजी महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. ओळखीशिवाय ते कोणाला कागद दाखवत नाहीत. त्यांच्याशी त्याने वर्षभर ओळख ठेवली आणि मगच शेतीचा विषय काढला.

त्याने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या, हे इथे मुद्दाम सांगते. हेम्पच्या लागवडीला परवाना देणारं उत्तराखंड हे देशातलं पहिलं राज्य, २०१८ साली. भांगेच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला खाद्यपदार्थ म्हणून २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मान्यता मिळाली, हेही खरं. गढवालात या झाडाच्या सालीच्या धाग्यापासून ‘भंगेला’ नावाचं जाडंभरडं कापड पूर्वापार विणत आले आहेत, कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी घरोघर होते. भाऊजींनी इंटरनेटवर शोधलं तर एकेक गोष्ट जुळत गेली. मध्य प्रदेशात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत, महाकालाच्या शृंगारात भांग असते. त्यामुळे हे काही भलतंसलतं आहे असं कोणाला वाटलं नाही.

त्याने सांगितलं नाही ते असं. हा परवाना ज्या जमिनीवर लागवड होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडून, ठरावीक माणसाच्या नावाने मिळतो, तोही धागा आणि बी यांसाठीच. झाडातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, टीएचसीचं, प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. ग्वाल्हेरला बसून, व्हॉट्सअॅपवर करार करून, पाच ‘नाली’ जमिनीचा हिस्सा घेणाऱ्याला कसलाही परवाना मिळत नाही. नाली हे तिकडचं माप, साधारण वीस नालींचा एक एकर. आमच्याकडून पाच नालींचे एक लाख वीस हजार घेतले, भाऊजींकडून त्याच्या दुप्पट. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार, त्यावर प्लॉट क्रमांक, कापणीनंतर अडीचपट रक्कम ‘निश्चित’. पैसे मात्र कंपनीच्या नाही, एका व्यक्तीच्या बचत खात्यात मागितले. कंपनीचं चालू खातं उघडायचं काम सुरू आहे, हे कारण.

जुलैच्या मध्यावर फोटो यायला लागले. आधी हिरव्यागार रोपांचे, मग एका संध्याकाळी लागोपाठ चार-पाच. गच्च भरलेला एक तुरा, त्याची एक बाजू तपकिरी पडलेली, त्यातून राखाडी लव बाहेर आलेली. तो तुरा दोन बोटांनी उकलून धरलेला आणि आतला गाभा ओल्या तंबाखूसारखा काळपट. खाली संदेश, ‘यंदा दमटपणा फार, हवेत ९० टक्क्यांवर ओल, बुरशीने प्लॉट धरला आहे, प्रयत्न चालू आहेत.’ भाऊजींनी तो फोटो बघितला आणि फोन बाजूला ठेवला. शेतकऱ्याचं नुकसान झालं तर त्याला काय बोलणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

आमची पुतणी इथल्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकते. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने ते फोटो मोठे करून बघितले आणि म्हणाली, “काकू, बुरशी खरी आहे. पण हे पीक तुमचं नाही.”

तिने समजावलं ते मी जमेल तसं मांडते, कारण ज्यांना असे फोटो आले आहेत त्यांना त्याचा थेट उपयोग आहे. ती राखाडी लव म्हणजे बोट्रायटिस, द्राक्षांच्या घडावर येते तीच करडी बुरशी. ओलसर, थंड हवेत, जिथे वारा आत शिरत नाही अशा गच्च फुलोऱ्यात ती आतून सुरू होते. बाहेरून तुरा हिरवा दिसतो, मधलं एखादंच बारीक पान सुकतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. तोवर गाभा कुजलेला असतो. दमट भागात उघड्यावर हे झाड वाढवणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान यानेच होतं. पण हा रोग फुलोऱ्याचा, आणि हे झाड दिवस लहान व्हायला लागले, रात्री वाढल्या की फुलावर येतं. डोंगरातली भांग जुलैत नुसती पानांनी वाढत असते, तिला असा भरलेला तुरा यायला भाद्रपद-आश्विन उजाडावा लागतो. जुलैच्या मध्यावर, उघड्या रानात, कापणीला आलेला तुरा सडेल कुठून?

दुसरं, असा जाड गच्च तुरा नशेसाठी किंवा औषधासाठी वाढवलेल्या मादी झाडाला धरतात. धाग्यासाठी पेरलेला हेम्प अगदी दाट पेरतात, म्हणजे झाडं फांद्या न फुटता काठीसारखी उंच जातात. बियांसाठीच्या झाडाचा तुरा बियांनी भरलेला, खरबरीत असतो. करारात धागा आणि बी लिहिलेलं होतं. फोटोत दोन्हींपैकी काही नव्हतं.

आणि तिसरं मला सगळ्यात पटलं. धाग्याच्या पिकाला कापणीनंतर ओल हवीच असते. अंबाडी किंवा ताग पाण्यात कुजवतात ना, तसंच हेम्पच्या काड्या रानात दवावर पसरून किंवा पाण्यात बुडवून ठेवतात. सूक्ष्मजंतू साल आणि काडी जोडणारा चिकट भाग खातात, मग धागा सुटा होतो. पावसाने या पिकाचं नुकसान होतच नाही असं नाही. पाणी साचलं तर मूळकूज होते, कोवळी रोपं बुडातून कोलमडतात, वादळी पावसात उंच पीक लोळतं. पण फुलोऱ्यातल्या बुरशीने धाग्याचं पीक हातचं जात नाही. दमटपणा हे त्यांनी शोधलेलं असं कारण होतं, जे शहरातल्या माणसाला लगेच पटतं आणि ज्याचा दोष कोणावरच येत नाही.

मग पुतणीने ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावच्या एका ओळखीच्या कुटुंबाचे फोटो मागवले. त्यांचा प्लॉट वेगळा, क्रमांक वेगळा. तुरा उकलून धरणाऱ्या अंगठ्याच्या नखावर मात्र तोच आडवा काळा डाग. इंदूरच्या एका बाईंकडेही तोच अंगठा.

आम्हाला हे कळायच्या आत त्यांची दुसरी मागणी आली होती. उरलेलं पीक वाचवायला पॉलिहाऊस, पंखे, ओल शोषणारं यंत्र लागेल, प्रत्येक प्लॉटमागे चाळीस हजार, नाही दिले तर हिस्सा रद्द. ज्यांनी दिले त्यांचे तेही गेले.

भाऊजींनी मूळ रक्कम परत मागितली तेव्हा तो माणूस बदलला. ज्या तोंडाने वर्षभर ‘काका, काका’ म्हणायचा त्याच तोंडाने म्हणाला, “गांजाचं पीक तुमच्या नावावर आहे. पोलिसात गेलात तर आधी तुमच्यावर केस होईल. तुमच्याच गावात नार्कोटिक्सचं मोठं ऑफिस आहे, तिथले लोक घरी येतील.” सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय ग्वाल्हेरला, मुरारमध्ये आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हेही खरं. भाऊजी सत्तरीच्या घरात. त्या रात्रीपासून त्यांची झोप गेली, बेल वाजली की ते दचकायचे. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या माणसाला कोणी असं घाबरवावं, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे. बाकीची घरं गप्प बसली तीही याच भीतीने. कोणी मुलांना सांगितलं नाही, कोणी सुनेला.

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या नावावर ना जमीन, ना परवाना, ना एक रोप. जे पीक कुठे लावलंच नाही त्याच्या लागवडीचा गुन्हा तुमच्यावर कसा लागेल? इथे गुन्हा फसवणुकीचा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि फिर्यादी तुम्ही आहात. शिवाय लोकांकडून ठरावीक परताव्याचं वचन देऊन, नोंदणी न करता पैसे गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. पोलीस ठाण्यात आम्हाला कोणी गुन्हेगारासारखं वागवलं नाही. तक्रार लिहून घेतली, कराराची आणि बँकेच्या नोंदींची प्रत घेतली.

पैसे अजून परत आलेले नाहीत. ज्या खात्यात भरले होते ते गोठवलंय, पण त्यात फारसं शिल्लक नव्हतं. डबऱ्याच्या आणि इंदूरच्या कुटुंबांनीही आता आपापल्या ठिकाणी तक्रारी दिल्या आहेत.

तुमचे पैसे अलीकडेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा, नंतर बाकी सगळं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सअॅपवरचा त्यांचा गट असेल तर तो सोडू नका, संदेश पुसू नका. भरणा केलेल्या खात्याचा क्रमांक, करार, आवाजाचे संदेश, सगळं एका ठिकाणी ठेवा. कोणी परवाना दाखवला तर त्यावरचं नाव आणि जिल्हा बघा आणि त्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. आणि तुमच्याकडे सडलेल्या तुऱ्याचा फोटो आला असेल, अंगठ्याच्या नखावर आडवा काळा डाग असेल, तर तो फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि तुमच्या पोलीस ठाण्यात द्या. तपासात तो लागणार आहे.