बुगाटी टाइप 35 की ब्लोअर बेंटली: आधी कोणती जोडायची?

या दोन जुन्या शर्यतीच्या गाड्यांपैकी 1:12 च्या (खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याच्या) एकाच जोडायच्या मॉडेलला शोकेसमध्ये जागा असेल, तर माझं मत सरळ आहे: आधी बुगाटी. दोन्ही जोडून झाल्यावर सांगतोय.

कारण चाक. टाइप 35 पहिल्यांदा शर्यतीत उतरली ती 1924 साली, लिऑंच्या ग्रां प्रीमध्ये. तारांच्या चाकांच्या त्या जमान्यात एत्तोरे बुगाटीने आठ चपट्या आऱ्यांचं ॲल्युमिनियमचं चाक ओतलं आणि ब्रेकचा ड्रमही त्याच ओतकामात घेतला. चाक काढलं की ब्रेक-शू थेट समोर. पुढचा ॲक्सल आतून पोकळ, आणि स्प्रिंगा त्याला बाहेरून बांधलेल्या नाहीत, त्याच्यातूनच आरपार जातात. मॉडेलमध्ये ती स्प्रिंग त्या भोकातून सरकवली, तेव्हा मी काम थांबवून नुसता बघत बसलो. इंजिन आठ सिलिंडरचं, 1991 सीसी, ताकद साधारण 90 हॉर्सपॉवर, पण वजन जेमतेम 750 किलो. 1925 ते 1929 अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत याच घराण्यानं जिंकली, ती काय उगाच?

बेंटलीचं सगळं उलट. चार सिलिंडर, 4398 सीसी, वजन दीड टनाच्या वर. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या ‘ब्लोअर’ला, विरोध होता. शर्यतपटू टिम बर्किनने हट्टाने तो रेडिएटरच्या पुढे, दोन चॅसी-पट्ट्यांच्या मध्ये बसवून घेतला आणि शर्यतीच्या गाडीतून 240 हॉर्सपॉवर काढली. ल मान्सची 24 तासांची शर्यत मात्र 1928 मध्ये जिंकली ती बिनसुपरचार्जरच्या साडेचार लिटर बेंटलीने. ब्लोअरला ती कधीच जिंकता आली नाही.

तरी तिला कमी लेखू नका. 1930 ची फ्रेंच ग्रां प्री पो गावाजवळच्या रस्त्यांवर झाली. बर्किनने दिवे आणि मडगार्ड काढून ही चार सीटची धिप्पाड गाडी चपळ बुगाट्यांच्या गर्दीत घातली आणि दुसरा नंबर काढला! पहिला आला एतांसलँ, बुगाटीचीच टाइप 35 सी घेऊन.

रांगडेपणाच भावत असेल, तर खुशाल बेंटली घ्या. फक्त आधी शेल्फ मोजा: बुगाटी 31 सेंटिमीटरच्या आसपास बसते, बेंटलीला 36 पेक्षा थोडी जास्तच जागा लागते.